किशोरवयातला गंभीर मानसिक आजार आणि शिक्षण

साधारण १३ ते १९ या वयात स्किझोफ्रेनिया (भास होणं, भलत्याच शंका पक्क्या वाटणं), बायपोलर (कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी), तीव्र डिप्रेशन किंवा जबर ओसीडी (नको ते विचार नि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा) सुरू झाला तर मुलाच्या शिक्षणाचं काय होतं, त्याबद्दलची ही नोंद. सगळ्यात वाईट म्हणजे हे आजार बरेचदा ऐन दहावी-बारावीच्या आसपास किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षांत डोकं वर काढतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक त्रास आढळला होता, त्यात सौम्य त्रासही आले, गंभीर आजार त्यातला थोडा भाग, पण अभ्यासाचं नुकसान सगळ्यात खोल होतं ते याच मुलांचं.

सुरुवात पटकन कळत नाही. मार्क घसरतात, मित्र तुटतात, रात्रभर जागरण, आंघोळीचा कंटाळा, मग घरचे म्हणतात मोबाईलमुळे झालंय, शाळेत म्हणतात लक्षच नाही, आणि काही घरांत तर "बाहेरचं काहीतरी" म्हणून आधी देवर्षी नि अंगारा होतो आणि डॉक्टर मागून येतो. सायकोसिसमध्ये, म्हणजे भास-भ्रम होऊन खरं-खोटं कळेनासं होतं तेव्हा, हे वाया गेलेले महिने फार महागात पडतात, उपचार जितके उशिरा सुरू होतात तितकं सावरणं अवघड जातं.

वर्गात नक्की काय होतं ते बघा. सर फळ्यावर गणित सोडवतायत आणि त्याच वेळी मुलाच्या कानात दुसरंच कोणीतरी बोलतंय, मागच्या बाकावर कोणी हसलं की ते आपल्यालाच हसले असं त्याला पक्कं वाटतं. धड्यातली एकच ओळ चार-पाच वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही, कारण लक्ष, तात्पुरती स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग या तिन्हींवर आजाराचा घाव बसतो. ही बुद्धी कमी झाल्याची किंवा आळशीपणाची गोष्ट नाही, हे शिक्षकांना कळलं पाहिजे.

औषधं लागतातच, पण त्यांचाही त्रास असतो. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी सातच्या शाळेतही उतरलेली नसते, वजन वाढतं आणि मुलं चिडवतात, बायपोलरसाठी देतात त्या लिथियम या औषधामुळे हात थरथरतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरात उत्तर येत असूनही लिहून होत नाही. म्हणून पालकांनी परस्पर गोळ्या बंद करू नयेत, वेळ किंवा डोस बदलता येईल का ते डॉक्टरांनाच विचारावं.

आजार आवरला तरी परतायची वाट अरुंदच असते. हजेरी ७५ टक्के भरलेली नसते, सोबतची मुलं पुढे गेलेली असतात, आणि अ‍ॅडमिशनच्या वेळी गॅप सर्टिफिकेटवर कारण काय लिहायचं हाच घरात मोठा प्रश्न होऊन बसतो. वर्ष गेलं म्हणजे शिक्षण संपलं असं अजिबात नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला मिळाला तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांसाठी पात्र ठरता येतं. लेखनिक आणि जादा वेळेचीही तरतूद आहे, २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं. पण बरेच पालक दाखलाच काढत नाहीत, "पोरीच्या लग्नाचं काय" ही भीती असते, आणि ती भीती खोटी आहे असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार.

शाळेच्या हातात बरंच आहे आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, दाराजवळची जागा, अस्वस्थ वाटलं तर न विचारता बाहेर जायची मुभा, एकदम सहा विषय न देता दोन-तीन, आणि सगळं माहीत असलेला एक शिक्षक, ज्याच्याकडे मूल मधल्या सुट्टीत जाऊन बसू शकेल. मदतीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं, आणि मूल तयार नसेल तर आधी पालकांनी एकट्याने फोन केला तरी चालतो.