ब्रायन मेचे गिटार अ‍ॅम्प्लिफायर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या आवाजाचं श्रेय लोक बहुतेक वेळा त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेल्या रेड स्पेशल गिटारला देतात, पण त्यातला निम्मा वाटा तरी आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पचा आहे असं मला ठामपणे वाटतं. स्टेजवर व्हॉक्स कंपनीचा एसी-३०, आणि स्टुडिओत त्याच्या जोडीला डीकी अ‍ॅम्प नावाचा एक छोटासा डबा.

एसी-३० हा ३० वॉटचा, व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा अ‍ॅम्प, त्यात ईएल-८४ जातीचे चार व्हॉल्व्ह आणि १२ इंची दोन स्पीकर. मे याला हा अ‍ॅम्प आणि ट्रेबल बूस्टर ही जोडी आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरमुळे मिळाली, तरुणपणी मेने लंडनमधल्या गॅलाघरच्या कार्यक्रमानंतर त्याला भेटून हा आवाज काढता कसा हे विचारलं आणि गॅलाघरने मोकळेपणाने सांगून टाकलं. या अ‍ॅम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा काही भाग उलटा करून परत आत देऊन आवाज साफ ठेवण्याची सोय) नसतो, त्यामुळे आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दाट होत जातो. मे अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवतो आणि कमी-जास्त करतो ते गिटारच्या नॉबवरून, नॉब खाली घेतला की सूर स्वच्छ, वर नेला की करकरीत. बूस्टरचं काम सिग्नल वाढवायचं, पण त्यात खर्जापेक्षा वरचे सूर जास्त उचलले जातात म्हणून इतकी ताकद देऊनही आवाज गढूळ होत नाही.

स्टेजवर त्याच्यामागे एसी-३० ची भिंतच दिसते आणि ती नुसती शोभेची नाही. क्वीनच्या ब्रायटन रॉक गाण्याच्या सोलोत तो डिलेने (वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राने) स्वतःच्याच सुरांवर हार्मनी रचतो, त्यासाठी मूळ सूर एका अ‍ॅम्पला आणि प्रत्येक डिले वेगळ्या अ‍ॅम्पला जातो, कारण फाटलेल्या आवाजात दोन सूर एकाच अ‍ॅम्पमधून गेले तर ते एकमेकांत मिसळून तिसराच गोंगाट तयार होतो. वेगळे ठेवले की सगळे वेगवेगळे ऐकू येतात, जणू तीन गिटारवाले उभे आहेत.

डीकी अ‍ॅम्प बँडचा बेसवादक जॉन डीकन याने बनवला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याला लंडनमध्ये कोणीतरी टाकून दिलेला सर्किट बोर्ड सापडला, तो त्याने एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला. आत जुन्या पद्धतीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर, वीज ९ व्होल्टच्या बॅटरीची, आणि व्हॉल्यूम किंवा टोनचा एकही नॉब नाही! स्टेजच्या कामाचा नाही, पण माइकसमोर ठेवला की गिटार व्हायोलिनसारखी, तुतारीसारखी वाजते. १९७५ च्या गुड कंपनी गाण्यातला जॅझ बँड ऐका, त्यातला क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन सगळं गिटारच आहे, थरावर थर चढवून रेकॉर्ड केलेलं. तो बोर्ड मूळचा एका पोर्टेबल रेडिओतला होता हे पुष्कळ वर्षांनी उलगडलं, त्यानंतर त्याच्या हुबेहूब प्रतीही निघाल्या.