सम की खुहडी? जैसलमेरला जाऊन वाळू पाहायची तर नेमकी कुठली

आम्ही पुण्याहून ठरवून निघालो होतो खुहडीसाठी, आणि डिसेंबरातल्या एका दुपारी साडेचारला गाडी जिथे थांबली ती जागा निघाली समची. पावतीवर ‘जैसलमेर डेझर्ट कॅम्प, एक मुक्काम, उंटसवारी व जेवणासह’ एवढेच छापलेले होते. गावाचे नाव कुठेही नव्हते, आणि ते विचारून घ्यायला हवे होते हे आमच्याही लक्षात आले नव्हते. सहल ठरवून देणाऱ्या गृहस्थांना फोन केला तेव्हा ‘वाळू काय, दोन्हीकडे तीच’ असे उत्तर मिळाले. भूगोलाच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे, पण प्रवाशाच्या काही उपयोगाचे नाही. पुढच्या खेपेला आम्ही मुद्दाम खुहडीत राहिलो, आणि त्यानंतरच हे लिहिण्याचे धाडस करत आहे.

सम हे जैसलमेर शहराच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे, तर खुहडी नैर्ऋत्येला, त्याहून थोड्या अधिक अंतरावर. शहरातून दोन्ही ठिकाणी जायला साधारण तासाभराचा रस्ता आहे, दोन्ही ठिकाणे जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेल्या ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला येतात, आणि दोन्हीकडे ‘उंट, सूर्यास्त, नाचगाणे, जेवण, तंबू’ हाच कार्यक्रम विकला जातो. त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. त्यात खुहडीचे नाव इंग्रजी पाट्यांवर अशा तऱ्हेने लिहिलेले असते की मराठी माणूस ते ‘खुरी’ असे वाचतो, आणि मग हिंदी पाटीवरची ‘खुहड़ी’ आणि नकाशातली ‘खुरी’ ही दोन वेगळी गावे असावीत असे त्याला वाटू लागते. ती एकच आहेत. सम या नावाचे मात्र मराठी कानाला हसू येते, कारण नाव सम असले तरी जागा पूर्णपणे विषम, चढउतारांची आहे.

वाळूबद्दल आधी थोडे सांगितले पाहिजे, कारण अनेकांची पहिली निराशा तिथेच होते. जैसलमेर स्टेशनावर उतरल्याबरोबर चोहीकडे वाळूचे डोंगर दिसतील अशी अपेक्षा घेऊन लोक येतात, आणि प्रत्यक्षात दिसते ती पिवळसर दगडाची, खडकाळ, सपाट जमीन. ज्या दगडातून ११५६ साली रावल जैसलने वसवलेला किल्ला आणि शहरातल्या कोरीव हवेल्या उभ्या राहिल्या, तोच हा दगड. समकडे किंवा खुहडीकडे जाताना बराच वेळ हीच खुरटी झुडपे, मध्येच पवनचक्क्यांच्या रांगा आणि रस्त्यावर येऊन उभ्या राहिलेल्या शेळ्या दिसत राहतात. वाळूच्या टेकड्या, म्हणजे तिकडच्या बोलीतले ‘धोरे’, वाऱ्याने वाळू आणून साठवली अशा ठरावीक पट्ट्यांतच आहेत. सम आणि खुहडी हे पर्यटकाला सहज गाठता येणारे असे दोन पट्टे.

टेकडीची घडण दोन्हीकडे सारखीच असते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचा उतार लांबट आणि मंद असतो. कण त्या उतारावरून घरंगळत, उड्या मारत माथ्यापर्यंत जातात आणि पलीकडच्या आडोशाच्या बाजूला कोसळतात. त्यामुळे ती पलीकडची बाजू तीव्र उताराची होते, आणि कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा अधिक उभी राहूच शकत नसल्याने तो उतार तेवढ्यावर थांबतो. हे ज्ञान पायांना उपयोगी पडते: मंद बाजूने चढावे, कारण तिथली वाळू दाबली जाऊन घट्ट झालेली असते, उभ्या बाजूने चढायला गेलात तर दोन पावले वर आणि दीड पाऊल खाली अशी अवस्था होते. उतरताना मात्र हीच उभी बाजू मुलांना फार आवडते.

आता समविषयी. समला गाव आहे, पण प्रवाशाला ते जाणवत नाही. जाणवते ती जत्रा. रस्त्याच्या कडेने कितीतरी किलोमीटर तंबूंच्या वसाहती लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा प्रत्यक्ष धोऱ्यांपासून दूर, कनोई गावाच्या आसपासच्या सपाट जमिनीवर आहेत. प्रत्येक वसाहतीत मधोमध एक गोल ओटा, त्याभोवती गाद्या-लोड आणि त्याभोवती तंबू. आत शिरताना ढोल वाजवून कपाळाला टिळा लावतात, चहा आणि भजी येतात, आणि पाचच्या आधी सर्वांना जीपमध्ये किंवा उंटगाडीत घालून धोऱ्यांकडे नेले जाते. तिथे उंट रांगेने बसलेले असतात, जीपगाड्या टेकड्यांवरून उड्या मारत असतात, चारचाकी मोटारसायकलींचा आवाज असतो, भाजलेली कणसे आणि चहाचे थर्मास घेऊन मुले फिरत असतात. जैसलमेरच्या मरु महोत्सवाची सांगता माघ पौर्णिमेला याच धोऱ्यांवर करण्याची प्रथा आहे, यावरून समचा स्वभाव कळावा: ही मुळात गर्दी सामावून घेणारी जागा आहे.

गर्दीला नाके मुरडणे सोपे आहे, आणि पहिल्या खेपेला आम्हीही ती मुरडली. पण समचे दोन गुण नाकारता येत नाहीत. एक म्हणजे विस्तार: झुडपांचा अडथळा नसलेल्या उघड्या धोऱ्यांचा सलग पट्टा इथे मोठा आहे, आणि ज्याच्या मनात वाळवंटाचे चित्र म्हणजे क्षितिजापर्यंत नुसती वाळू असे आहे, त्याला त्या चित्राच्या जवळचे काही हवे असेल तर ते खुहडीपेक्षा समलाच मिळते. दुसरा गुण पहाटेचा. आदल्या संध्याकाळी शेकडो पावलांनी आणि चाकांनी तुडवलेल्या वाळूवर रात्रभर वारा फिरतो, आणि सूर्योदयाच्या वेळी टेकडीवर गेले की बऱ्याच ठिकाणी नव्या तरंगांची नक्षी उमटलेली असते. आम्ही गेलो तेव्हा त्या नक्षीवरून एका काळ्या भुंग्याच्या पायांची, शिवणीच्या टाक्यांसारखी दुहेरी रेघ गेली होती, आणि रेघेच्या टोकाला तो भुंगा अजून चालत होता. अख्ख्या टेकडीवर आमच्याखेरीज दोनच माणसे होती, कारण बाकीची सगळी वसाहत रात्रीच्या डीजेनंतर झोपलेली होती. जैसलमेर मुंबईच्याही पश्चिमेला असल्याने डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे यासाठी ब्राह्ममुहूर्तावर उठावे लागते असेही नाही.

खुहडी हे आधी गाव आहे आणि मग पर्यटनस्थळ. सोढा राजपुतांची ही वस्ती. घरे मातीची, भिंती शेणामातीने सारवलेल्या, त्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी काढलेली आणि गोल झोपड्यांवर गवताचे शाकारलेले छप्पर. राहण्याच्या जागाही बऱ्याचशा याच धर्तीच्या, म्हणजे कुणाच्या तरी घराशेजारच्या वाड्यात बांधलेल्या खोल्या. धोरे गावाला लागूनच आहेत आणि पायी जाता येते. ते समच्या मानाने कमी पसरलेले आहेत आणि त्यांवर झाडोराही अधिक आहे: रुई, फोग, खींप, मध्येच एखादी शमी. ज्याला कोरी वाळू हवी त्याला हे खटकेल. आम्हाला मात्र रुईच्या झुडपाच्या आडोशाला वाळूचा छोटा ढीग कसा साठतो आणि त्या ढिगाची शेपटी वाऱ्याच्या दिशेने कशी लांबत जाते, हे पाहताना टेकडी जन्माला कशी येते ते प्रथमच नीट कळले.

उंटाच्या सवारीत दोन्ही जागांचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. समला सवारी बहुधा अर्ध्या तासाची, टेकडीच्या एका ठरावीक टोकापर्यंत आणि परत. उंटवाला एकामागून एक फेऱ्या करत असतो आणि त्याला घाई असते, यात त्याचा दोष नाही, कारण त्याचे वर्षाचे उत्पन्न ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांतच उभे राहायचे असते. खुहडीत सवारी दारातून निघते, दीड-दोन तास चालते, आणि उंटवाला गप्पा मारतो. दोन्हीकडे दरापेक्षा वेळ आणि अंतर आधी ठरवून घ्यावे. एक सूचना मात्र पहिल्यांदाच पलाणावर बसणाऱ्या प्रत्येकाने पाळावी: उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो, तेव्हा मागे रेलून पलाणाचा खुंट घट्ट धरावा. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणजे पुन्हा पुढेच झोक जातो. माझ्या आत्याने दुसऱ्या वेळी ही गोष्ट विसरून उंटाच्या मानेला मिठी मारली, आणि उंटाने ती निमूटपणे सोसली.

संगीताच्या बाबतीत मात्र ‘सम म्हणजे बाजारू आणि खुहडी म्हणजे अस्सल’ ही प्रवाशांच्या तोंडी असलेली वाटणी मला पटत नाही. दोन्हीकडे गाणारे बहुतेक कलाकार मांगणियार समाजाचे असतात. हे पिढ्यान्‌पिढ्या गाणारे मुस्लिम कलावंत, ज्यांचे यजमान मात्र परंपरेने मुख्यतः हिंदू राजपूत, आणि यजमानांच्या घरच्या जन्म-लग्नांची गाणी यांच्याच कंठात जपलेली. त्यांचे खास वाद्य कमायचा, म्हणजे मोठ्या गोल पोटाचे, चामड्याने मढवलेले, गजाने वाजवायचे तंतुवाद्य. ते वाजवणारे हमीरा गावचे साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली होती. समच्या ओट्यावर पहिला तासभर असे काही कानावर पडते आणि नंतर फर्माइशी सुरू झाल्या की हिंदी चित्रपटगीते येतात. पण फर्माईश करणारे आपणच असतो. आम्ही समला खडतालवादकाला केवळ खडताल ऐकवण्याची विनंती केली, तेव्हा शिसवी लाकडाच्या चार पट्ट्यांतून त्याने दहा मिनिटे जे काढले ते खुहडीत ऐकलेल्या कशाहूनही सरस होते. कालबेलिया नृत्याचेही तसेच. २०१० साली युनेस्कोच्या यादीत गेलेली ही कला समच्या ओट्यांवर नेहमी दिसते. खुहडीच्या लहान घरगुती मुक्कामात ती दिसेलच असे नाही.

रात्रीच्या आकाशाचा प्रश्न असेल तर खुहडीला तोड नाही. समला वसाहतींचे दिवे आणि ध्वनिक्षेपक उशिरापर्यंत चालू असतात. खुहडीत जेवणे आटोपली की अंधार होतो आणि खाटा टेकडीवर नेऊन झोपण्याची सोय अनेक जण करतात. निघण्यापूर्वी दिनदर्शिकेत तिथी पाहून ठेवावी: अमावास्येच्या आसपास आकाश पाहायला मिळते, पौर्णिमेच्या आसपास वाळू. दोन्ही एकाच रात्री मिळत नाहीत. थंडीची तयारी हवी, कारण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान ८ अंशांच्या आसपास येते, थंडीच्या लाटेत आणखी घसरते, आणि दुपारी तापलेली वाळू पहाटे पायाला बर्फासारखी लागते.

जेवणात दोन्हीकडे डाळ-बाटी-चुरमा आहेच. खुहडीत घरच्या चुलीवरची बाजरीची भाकरी मिळते, आपल्यापेक्षा जाड आणि वर तुपाचा गोळा. केर-सांगरीच्या भाजीतली सांगरी म्हणजे त्याच शमीच्या शेंगा, जिची आपण दसऱ्याला पूजा करतो पण जिच्या शेंगा खाव्यात असे आपल्याकडे कुणाला सुचलेले नाही.

वाटेवरच्या ठिकाणांचा हिशेबही निवडीत धरावा. समच्या बाजूला जाताना कुलधरा लागते: पालीवाल ब्राह्मणांचे ओस पडलेले गाव, ज्याविषयी दिवाण सालिम सिंहाच्या जुलमाला कंटाळून लोक एका रात्रीत निघून गेले अशी कथा सांगतात, आणि पाणी आटत गेल्याने ते हळूहळू रिकामे झाले असेही मत आहे. माळढोक पक्ष्याचे प्रजनन केंद्रही समलाच आहे. २०१९ पासून चालू असलेले हे केंद्र पर्यटकांसाठी नाही, पण सोलापूरजवळच्या नान्नजला एकेकाळी दिसणारा हा पक्षी आता प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरला आहे, हे मराठी माणसाला ठाऊक असावे. तनोट आणि लोंगेवाला यांना जाण्याचा नेहमीचा रस्ता रामगडमार्गे, वेगळ्याच दिशेचा आहे. ‘समहून जाता जाता करू’ असे कुणी म्हणाले तर त्याला एक स्वतंत्र दिवस द्यावा लागतो असे सांगावे.

माझा कौल असा: एकच मुक्काम असेल, सोबत गुडघेदुखीची वडीलधारी मंडळी आणि चुळबुळी मुले असतील, तर सम घ्यावे, कारण तिथे गाडी वाळूपर्यंत जाते, स्वच्छतागृहे पक्की असतात आणि मुलांचा वेळ जातो. दोघे-तिघे असाल आणि शांतता हवी असेल तर खुहडी. दोन दिवस हाताशी असतील तर एक सूर्योदय समचा आणि एक रात्र खुहडीची, हा क्रम उत्तम.

आरक्षण करताना मात्र फोनवर दोन प्रश्न विचारावेत. पहिला, कॅम्प कोणत्या गावात आहे. उत्तर ‘जैसलमेर’ असे आले तर पुन्हा विचारावा. दुसरा, तंबूच्या दारातून निघून वाळूवर पाय ठेवायला किती मिनिटे चालावे लागते. ‘जीप सोडेल’ असे उत्तर आले, तर समजावे की आपण रस्त्याकडेच्या माळावर झोपणार आहोत.