शिंगांचा रंग गालाला नको

पोळ्याच्या दुपारी बैलांची शिंगं लाल रंगवून झाली होती. डबा अजून उघडाच होता. माझी साडेचार वर्षांची भाची त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. "मावशी, मले बी रंगव ना. मले वाघ कर." दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा होता. लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागायला तिला वाघ होऊनच जायचं होतं.

वेणी घालताना दोन मिनिटंही हे पोर एका जागी टिकत नाही. पण गालावर कोरडा ब्रश फिरवून पाहिला, तशी डोळे मिटून माझ्या मांडीवर टेकली. आरसा समोर नव्हता, रंगही लागलेला नव्हता. आपण समजतो की मुलांना सजलेलं दिसायला आवडतं म्हणून चेहरा रंगवून हवा असतो. माझ्या मते ही आवड आधी कातडीत सुरू होते.

आपल्या त्वचेत स्पर्शाचे दोन वेगळे मार्ग आहेत. एक वेगवान, काय टोचलं आणि कुठे टोचलं ते लगेच कळवणारा. दुसरा संथ, ज्याला शास्त्रज्ञ सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. गाल, कपाळ, हात अशा लव असलेल्या त्वचेत ते असतात, तळहातावर फारच विरळ. मऊ वस्तू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर वेगाने फिरली की ते सर्वांत जास्त जागे होतात. त्याहून घाईने किंवा फारच हळू फिरवलं, तर त्यांचा प्रतिसाद कमी होतो. आई लेकराला गोंजारते तो वेग नेमका हाच, आणि वाघाचा पट्टा ओढणाऱ्या ब्रशचाही. प्रयोगशाळेतही हे तंतू तपासायला मऊ ब्रशच वापरतात.

आरसा त्यानंतर येतो. १९७२ साली मानसशास्त्रज्ञ ब्यूला ॲमस्टरडॅम यांनी बाळांच्या नाकाला लाल ठिपका लावून त्यांना आरशासमोर बसवलं. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मुलं आरशातल्या नाकाकडे न जाता स्वतःच्या नाकाला हात लावू लागतात. हा मीच, हे तेव्हा उमगलेलं असतं.

पण चेहरा बदलला तरी मी मीच राहतो का, हे कळायला आणखी काही वर्षं लागतात. १९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ रेटा डिव्हरीस यांनी मेनार्ड नावाच्या गरीब स्वभावाच्या मांजराचं डोकं आडोशाला ठेवून त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला; शेपटीकडचा भाग मुलांना दिसतच होता. तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना आता तो खरंच कुत्रा झाला असं वाटलं, सहा वर्षांची मुलं सहसा फसली नाहीत. माझी भाची या दोन टोकांच्या मधोमध आहे. रंगवायच्या आधी तिने हळूच विचारलं, "पुसल्यावर मी मीच होईन नं?" मला हसू आलं नाही. या वयात हा प्रश्न खराखुरा असतो.

शिंगांचा डबा मात्र मी झाकून ठेवला. तो ऑइलपेंट. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला; तरी रंगातली द्रावकं कातडीची आग करतात, आणि वाळलेला रंग काढायला टर्पेंटाइन किंवा रॉकेल लागतं. कोवळ्या गालावर ते घासायची कल्पनाही करवत नाही. जुन्या लोकनाट्यांच्या रंगपेटीत मुर्दाडशिंग असायचं, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. काही ठिकाणचा शेंदूरही शिशाचाच असतो. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं चार-पाच पट जास्त शोषलं जातं. वाढत्या हाडांसाठी त्यांचं आतडं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेतं, आणि शिसं त्याच वाटेने आत शिरतं. पुढे मेंदूवर घाला घालतं. रंगलेला चेहरा चोळून तीच बोटं तोंडात घालणारं पोर डोळ्यांसमोर आणा.

पिवळ्यासाठी घरचीच हळद घेतली. आमचा समुद्रपूर तालुका वायगाव हळदीचा, शेतातली हळद घरीच दळलेली. बाजारच्या खुल्या हळदीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बांगलादेशात ती पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मिसळल्याचं २०१९ साली उघड झालं होतं. काळे पट्टे चेहऱ्यासाठीच बनवलेल्या, पाण्याने निघणाऱ्या रंगाचे. दोन्हींचा ठिपका आदल्या दिवशीच तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवला होता, कारण अंगावर उठायचं असेल तर ते बरेचदा लगेच उठत नाही, दिवस-दोन दिवसांनीही उठतं. चुना मात्र तोंडाच्या आसपासही नको. तो इतका तीव्र अल्कली असतो की डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं.

तान्ह्या पोळ्याला वाघाने मनसोक्त डरकाळ्या फोडल्या. रात्री खोबरेल तेलात बुडवलेला कापूस घेऊन पट्टे पुसायला बसले. हळदीचा पिवळा काही लवकर जात नव्हता. कापूस गालावरून सावकाश फिरू लागला, तशी ती परत डोळे मिटून माझ्या मांडीवर टेकली.