झिलईच्या कृतींची देवाणघेवाण

झिलईच्या कृतींची देवाणघेवाण : मातीच्या भांड्यावर काचेसारखा थर चढवणाऱ्या मिश्रणाची कृती एका कुंभाराने दुसऱ्याला द्यावी की नाही, द्यायची तर कोणत्या अटींवर आणि घेणाऱ्याने ती कशी वापरावी, यासंबंधीचे बहुतांशी अलिखित संकेत. कृती म्हणजे फेल्डस्पार (भाजताना वितळणारे एक खनिज), गारगोटीची पूड, चुनखडी, चिनी माती, राख यांसारख्या कच्च्या द्रव्यांची वजनी यादी. मूळ मिश्रण शंभर भागांचे धरतात आणि रंग देणारी ऑक्साइडे शंभरावर जादा लिहितात. भाजणीचे तापमान आणि भट्टीतील वातावरण सांगितल्याशिवाय अशी यादी अपुरी समजली जाते.

प्राचीन उल्लेख : कृती लपवण्याची प्रथा किती जुनी, या प्रश्नाची चर्चा मुख्यतः एका लहानशा मेसोपोटेमियन मृत्पट्टिकेभोवती झाली आहे. टायग्रिस नदीकाठी सेल्युशियाजवळ तेल उमर येथे ती मिळाल्याचे मानतात. क्यूनिफॉर्म या खिळ्यांच्या आकाराच्या लिपीतील ही पट्टिका ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात असून शिसे व तांबे असलेल्या झिलईची कृती तिच्यात दिली आहे. सी. जे. गॅड आणि आर. कॅम्बेल टॉम्पसन यांनी ती १९३६ मध्ये प्रसिद्ध केली. मजकुरात गुल्किशर या राजाचे नाव येत असल्यामुळे सुरुवातीला ती इ. स. पू. सतराव्या शतकाच्या आसपासची ठरवण्यात आली. पुढे ए. लिओ ऑपेनहाइम यांनी मेसोपोटेमियातील काचविषयक लेखांचा एकत्रित अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ती काही शतकांनी अलीकडे, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात आणली. एखाद्या लेखाला जुन्या राजाचे नाव जोडून त्याचे वजन वाढवण्याची रीत त्या प्रदेशातील लेखनिकांमध्ये होती, हे ध्यानात घेता नंतरचा काळ अधिक ग्राह्य वाटतो.

काळापेक्षाही मोठा वाद तिच्या लेखनपद्धतीवर आहे. लेखनिकाने चिन्हांची दुर्मीळ उच्चारमूल्ये वापरल्यामुळे मजकूर मुद्दाम दुर्बोध झाला आहे. गूढलेखनाच्या इतिहासात तिला व्यवसायाचे गुपित राखणारा सर्वांत जुना सांकेतिक लेख असे स्थान मिळाले, आणि मृत्तिकाकलेवरील लोकप्रिय लेखनातही तेच विधान पुनःपुन्हा येते. दुसऱ्या मतानुसार ही दुर्बोधता म्हणजे विद्वान लेखनिकाचे कौशल्यप्रदर्शन असून तिचे वाचक त्याच्याच वर्तुळातील होते. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक आहे. ज्या कारागिराला ही कृती उपयोगी पडली असती, त्याला बहुधा साधे लेखनही वाचता येत नव्हते. त्याच्यापासून लपवण्यासाठी अवघड चिन्हांची गरज नव्हती. सबब ‘पहिले गुपित’ म्हणून या पट्टिकेचा दाखला देताना जपून राहावे.

कृती उघड करण्याचा पुरावा त्यामानाने स्पष्ट आहे. इ. स. १३०१ मध्ये काशानच्या अबुल कासिम याने झिलई व काचमिश्रित मातीच्या भांड्यांविषयी पर्शियन भाषेत लिहिले. तो अबू ताहिर या नामांकित कुंभार घराण्यातला. परंतु त्याचा स्वतःचा पेशा दरबारी इतिहासलेखकाचा होता. घराण्याबाहेर पाऊल टाकलेल्या माणसाने घराण्याचे ज्ञान लिहून ठेवले, ही बाब लक्षणीय आहे. चीनमधील जिंगडेझेन येथून द’आंत्रकोल या जेझुइट धर्मोपदेशकाने १७१२ आणि १७२२ मध्ये पाठवलेल्या पत्रांतही कृती सांगणारा कुंभार नव्हे. दगडापासून केलेले ‘तेल’ (दगडाची पूड पाण्यात कालवून केलेले द्रव) आणि चुना व नेच्याची राख यांचे मिश्रण, ही तेथील झिलईची मूळ कल्पना युरोपात या पत्रांतून तपशिलाने पोहोचली.

सोळाव्या शतकातील दोन भूमिका : इटलीतील कास्तेल दुरांते येथे चिप्रियानो पिक्कोलपास्सो याने १५५७च्या सुमारास (हस्तलिखिताच्या कालनिश्चितीत एकदोन वर्षांचा फरक आढळतो) कुंभारकलेवर तीन खंडांचा सचित्र ग्रंथ लिहिला. मरणशय्येवरचा बाप थोरल्या, शहाण्या मुलाला जवळ बोलावून गुपित सांगे, असा तेव्हाचा प्रघात त्यात नमूद आहे. गुपिते फोडल्याचा ठपका येणार हे पिक्कोलपास्सो जाणून होता. चांगली गोष्ट थोड्यांनी दडवून ठेवण्यापेक्षा अनेकांना कळलेली बरी, या अर्थाचे उत्तर त्याने दिले आहे. त्याच्या कृतींत प्रमाणे दिलेली आहेत, आणि ठिकाणागणिक ती कशी बदलतात हेही.

फ्रान्सच्या बेर्नार पालिसी याने उलट वाट धरली. पांढऱ्या झिलईच्या शोधात वर्षानुवर्षे खपलेल्या, जळण संपल्यावर घरातले लाकूडसामान भट्टीत घातलेल्या या कुंभाराने १५८० मध्ये आपले अनुभव ‘सिद्धान्त’ आणि ‘व्यवहार’ या दोन पात्रांच्या संवादातून मांडले. सिद्धान्त वारंवार कृती मागतो. अखेर व्यवहार द्रव्यांची नावे सांगतो : कथील, शिसे, लोखंड, अँटिमनी, तांबे, वाळू, राख इत्यादी. प्रमाण मात्र एकाचेही देत नाही. प्रमाण शोधताना झालेल्या चुकांनी आपल्याला जे शिकवले ते यशाने शिकवले नाही, तेव्हा तूही खपून शोध, असे त्याचे सांगणे. पालिसीला कृपण म्हणणारे टीकाकार आहेत. तरीही त्याच्या नकारात खोटेपणा नाही, हे मान्य करावे लागते : काय देत आहोत आणि काय राखून ठेवत आहोत, हे तो वाचकाला उघड सांगतो. पुढे ज्याला शिष्टाचार म्हटले गेले त्याचा गाभा याच फरकात आहे.

जर्मनीतील मायसेन येथील पोर्सलीनच्या गुपिताची कथा (१७१० मध्ये कारखाना, १७१९ मध्ये जाणकार कारागीर श्टोल्त्सेल व्हिएन्नाला पळाला) या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण तिचा विषय प्रामुख्याने माती आणि राज्याची मक्तेदारी हा आहे, कुंभारांच्या परस्पर व्यवहाराशी तिचा संबंध दूरचा.

जपानमध्ये लिखित वारसापत्र देऊन कृती शिष्याकडे सोपवण्याची परंपरा होती. ओगाता केन्झान (१६६३–१७४३) या कुंभाराने १७३७ मध्ये लिहून ठेवलेल्या टिपणांत निन्सेई या आधीच्या कुंभाराकडून आलेल्या कृतीही आहेत, आणि कोणती कोणाकडून आली हे वेगळे नोंदवलेले आहे. मूळ स्रोत सांगण्याच्या आजच्या संकेताचे हे ठळक पूर्वरूप म्हणता येईल. केन्झान परंपरेचे वारसापत्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जपानी कुंभार तोमिमोतो केन्किची आणि ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांना मिळाले. याच लीच यांनी १९४० मध्ये आपल्या पुस्तकात झिलईच्या कृती सर्वांसाठी छापल्या.

सेगर सूत्राचा परिणाम : जर्मन रसायनज्ञ हेरमान सेगर (१८३९–१८९३) यांनी झिलई वजनांऐवजी ऑक्साइडांच्या रेणवीय प्रमाणात मांडण्याची पद्धत रूढ केली, आणि १८८६ मध्ये भाजणी मोजण्याचे, ठरावीक उष्णतेला वाकणारे क्रमांकित शंकू आणले. त्यामुळे दोन ठिकाणच्या कृतींची तुलना शक्य झाली. गुपिताची किंमतही त्याबरोबर घटली, कारण रासायनिक विश्लेषण हाती असेल तर जाणकाराला झिलईचे सूत्र बऱ्याच अंशी बांधता येते. उरते ते थराची जाडी, भट्टी थंड करण्याचा वेग, मातीशी होणारी प्रक्रिया. कृती दिल्याने सर्व काही जात नाही, हे खुलेपणाच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे इथूनच निघते.

प्रचलित संकेत : मागण्यापूर्वी ओळख असावी आणि नकार मनाला लावून घेऊ नये, एवढे सर्वमान्य आहे. प्रदर्शनात वा विक्रीच्या मांडवात, गिऱ्हाइकांसमोर कृती विचारणे अप्रशस्त मानतात. खाजगीत मिळालेली कृती देणाऱ्याला विचारल्याशिवाय छापू नये. छापील कृती कोणीही वापरावी, मात्र नाव सांगावे. हे नाव बरेचदा झिलईलाच चिकटते. अमेरिकी कुंभार डेव्हिड शेनर यांची तांबडी झिलई ‘शेनर रेड’ म्हणून, तर तेथीलच डॅनियल रोड्स यांच्या पुस्तकातील बत्तिसाव्या क्रमांकाची चमक नसलेली झिलई ‘रोड्स ३२’ म्हणून ओळखली जाते. लीच यांच्या नावावर रूढ असलेली ‘४-३-२-१’, म्हणजे फेल्डस्पार ४०, गारगोटी ३०, चुनखडी २० व चिनी माती १० भाग, ही सुमारे १,२८० अंश सेल्सिअसला पिकणारी झिलई तर आता सर्वांची मालमत्ता झाली आहे.

देणाऱ्यावरची बंधने अधिक कडक आहेत, आणि असायलाच हवीत. द्यायचे नसेल तर सरळ नाही म्हणावे. एखादे द्रव्य गाळून किंवा आकडा बदलून दिलेली कृती हा या व्यवहारातला सर्वांत मोठा अपराध समजला जातो. अशा कृतीने घेणाऱ्याची भट्टीभर भांडी, कधी भट्टीच्या फरश्याही, वाहत्या झिलईने वाया जातात. शंकूचा क्रमांक, ऑक्सिडीकरण (भट्टीत भरपूर हवा) की क्षपण (अपुरी हवा), माती कोणती, थर किती, झिलईला तडे जातात का, हे सांगितलेच पाहिजे. विषारी द्रव्यांबाबत मौन क्षम्य नाही. शिसे, कॅडमियम, बेरियम कार्बोनेट असलेली, किंवा तांब्याचे प्रमाण जास्त असून आंबट पदार्थांत तांबे सोडणारी झिलई खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी नाही, हे कृतीच्याच ओळीत लिहावे.

द्रव्यांची खाण किंवा पुरवठादार सांगण्याचा आग्रहही उगाच नाही. अमेरिकेतील अल्बनी येथील झिलईची माती १९८०च्या दशकात मिळेनाशी झाली. कॅलिफोर्नियातील गर्स्टली बोरेट या बोरॉनयुक्त खनिजाच्या पुरवठ्यावर २०००च्या सुमारास तेच संकट आले. दोन्ही द्रव्यांवर बेतलेल्या असंख्य कृतींचे आकडे तेच राहिले, पण त्यांवरून तीच झिलई मिळेना. घेणाऱ्याने आधी चाचणी-फरशीवर पाहावे, बिघडल्यास देणाऱ्याला दोष देऊ नये, आणि निकाल त्याला कळवावा. ही शेवटची परतफेड फार थोडे जण करतात, हे खेदाने नोंदवावे लागते. देवाणघेवाणीतून ज्ञान वाढते ते प्रामुख्याने तिच्यामुळे.

स्वतःची कृती केव्हा म्हणावी? एका मताप्रमाणे एखादे द्रव्य बदलले किंवा आकडे पुरेसे हलवले की कृती नवी. दुसऱ्या मताप्रमाणे सेगर सूत्र बदलले तरच नवी. दुसरी कसोटी अधिक न्याय्य आहे, कारण एका फेल्डस्पारऐवजी दुसरा घेऊन वजने जुळवली तर कागदावर सारे आकडे बदलतात आणि झिलई जवळपास तीच राहते. पहिल्या मताचे समर्थक यावर थराचा पोत व द्रव्यांचे वितळणे यांकडे बोट दाखवतात. राख किंवा कच्च्या नैसर्गिक मातीच्या झिलयांपुरता हा आक्षेप ग्राह्य आहे. अनिश्चित असेल तेथे ‘अमुकावरून’ असे लिहिण्याची रूढी आहे.

राखून ठेवण्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अमेरिकेत काम केलेले कुंभार ऑटो नॅट्झलर यांनी दोन हजारांहून अधिक झिलया रचल्या. एवढ्या श्रमातून उभी राहिलेली ओळख ज्याची उपजीविका आहे, त्याने एखादी खास झिलई स्वतःपुरती ठेवली तर त्याला कोते म्हणणे अन्यायाचे आहे. शिक्षकाने वर्गात दिलेली कृती मात्र शिष्याने वापरण्यासाठीच असते. सामायिक कार्यशाळेतील बादलीतल्या झिलईबाबत त्या त्या कार्यशाळेचे नियम लागू होतात.

कायदा : द्रव्ये व प्रमाणे यांच्या निव्वळ यादीला अमेरिकी कॉपीराइट कार्यालय संरक्षण देत नाही, सोबतच्या स्पष्टीकरणात्मक लेखनाला ते मिळू शकते. पेटंटासाठी कृती उघड करावी लागते आणि मुदत संपल्यावर ती सर्वांना खुली होते. व्यवसाय-गुपित म्हणून संरक्षण गुप्तता टिकेपर्यंतच. स्टुडिओ कुंभारांचा व्यवहार त्यामुळे बहुतांशी शब्दावर चालतो.

मृत्यूनंतरच्या वह्या : कुंभाराच्या पश्चात त्याच्या झिलईच्या वह्यांचे काय करावे, याबाबत एकमत नाही. कुंभार ल्यूसी री (१९०२–१९९५) यांचा कागदपत्रसंग्रह इंग्लंडमधील फार्नम येथील क्राफ्ट्स स्टडी सेंटरमध्ये आहे आणि त्यांच्या कृती अभ्यासकांमार्फत प्रसिद्धही झाल्या आहेत. वारसांची संमती पुरेशी असा एक पक्ष. कुंभाराने हयातीत जे कोणालाच दिले नाही ते तसेच ठेवावे, असा दुसरा. संग्रहालयांचा कल पहिल्या पक्षाकडे आहे. मात्र वहीतील अर्धवट नोंदी, खुणा आणि खोडलेले आकडे छापताना संपादकाने आपल्या अंदाजाने भरू नयेत. भरल्यास तसे स्पष्ट नोंदवावे.