प्रशिक्षणाला गेलं तर ड्यूटी कोण करणार?

मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नवा उपचार सुरू झाला की तिथल्या डॉक्टरला तो सकाळच्या राउंडमध्येच कळतो. वरिष्ठ असतात, विचारायला चार सहकारी असतात. आडबाजूच्या दवाखान्यात डॉक्टर एक आणि नर्स दोन-तीन. त्यांतली एक आठवडाभर प्रशिक्षणाला गेली, तर तिच्या रात्रपाळ्या उरलेल्यांच्या अंगावर पडतात. म्हणजे जिथे शिकण्याची गरज सर्वांत जास्त, तिथूनच बाहेर पडणं सर्वांत अवघड. आरोग्यसेवेतल्या लोकांच्या नोकरीतल्या शिक्षणाचा शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास मला या एकाच पेचाभोवती फिरताना दिसतो.

नामवंत डॉक्टर आणि वैद्यकशिक्षक विल्यम ऑस्लर यांनी १९०० साली लंडनमध्ये पदव्युत्तर अभ्यासाच्या महत्त्वावर व्याख्यान दिलं, तेव्हा पदवी मिळाली म्हणजे शिक्षण संपलं असं मानणारे पुष्कळ होते. आणि ज्यांना पुढे शिकायचं होतं, त्यांच्यापुढे रस्ता एकच होता: दवाखाना बंद ठेवायचा आणि मोठ्या शहरात जाऊन राहायचं. अमेरिकेतले डॉक्टर त्यासाठी व्हिएन्ना आणि बर्लिन गाठत. ज्याच्या गाठीला पैसा आणि हाताशी बदली माणूस, त्यालाच हे जमायचं.

उलट दिशेने विचार करणारा एक प्रयोग १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मेन राज्यात झाला. विल्यम बिंगहॅम या धनिकाचा पैसा आणि बॉस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांची कल्पना, यांतून मेनमधली छोटी रुग्णालयं बॉस्टनच्या वैद्यकीय केंद्राशी जोडली गेली. तिथल्या डॉक्टरांना बॉस्टनला जाऊन शिकण्याची सोय झालीच, पण मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. गावातल्या रुग्णाचे एक्स-रे आणि ईसीजी बॉस्टनला जायचे आणि तज्ज्ञाचं मत लिहून परत यायचं. आपल्याच रुग्णाच्या फिल्मवर आलेला तो अभिप्राय हाच डॉक्टरचा धडा. पेशंट समोर असताना मिळालेलं उत्तर डोक्यात पक्कं बसतं, हे या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

पुढच्या काळात मात्र भर तासांच्या हिशेबावर गेला. अमेरिकेत १९४७ साली जनरल प्रॅक्टिशनरांची अकादमी स्थापन झाली आणि तिने सदस्यत्व टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत १५० तासांच्या शिक्षणाची अट घातली. १९७१ साली न्यू मेक्सिको राज्याने डॉक्टरांच्या नोंदणीचं नूतनीकरण अशा शिक्षणाशी जोडलं. ज्याला आज आपण सीएमई (म्हणजे डॉक्टरांचं नोकरीतलं सततचं शिक्षण) आणि त्याच्या तासांचे क्रेडिट पॉइंट म्हणतो, त्याची घडण ही अशी झाली आणि हळूहळू ही पद्धत अनेक देशांत गेली. अट घातल्यामुळे शिक्षणाला अधिकृत दर्जा आला, हे मान्य करायला हवं. पण हजेरी लागली म्हणजे हातातलं काम सुधारलं, असं गृहीत धरलं गेलं. ते खरं आहे का, हे तपासायला बराच काळ जावा लागला. १९९९ साली संशोधक डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शिक्षणाचा परिणाम तपासणारे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात फरक पडल्याचं दिसलं नाही. चर्चा आणि हाताने करायचा सराव असलेल्या सत्रांनी मात्र पडला.

दरम्यान अंतर कापायला तंत्रज्ञान मदतीला आलं होतं. १९६४ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ओमाहाची मनोरुग्ण संस्था सुमारे १८० किलोमीटरवरच्या नॉरफोकच्या रुग्णालयाशी दुतर्फा टीव्हीने जोडली गेली. सल्लामसलत आणि शिकवणं, दोन्ही त्यावरून चाले. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात डॉ. मॅक्सवेल हाऊस यांनी १९७७ साली उपग्रहाचा वापर सुरू केला, पण पुढे त्यांचं काम मुख्यतः टेलिफोनवर चाललं. बहुतेक वेळा आवाज नीट ऐकू आला की पुरतं. महागड्या यंत्रणेच्या मागे लागणाऱ्यांनी हा अनुभव लक्षात ठेवावा.

मग न्यू मेक्सिकोचंच नाव पुन्हा येतं. तिथल्या विद्यापीठातले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हिपॅटायटिस सी या यकृताच्या संसर्गाच्या रुग्णांना अपॉइंटमेंटसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागे. उपचार तेव्हा इंटरफेरॉन या औषधाचे. त्याने रक्त कमी व्हायचं, नैराश्य यायचं, त्यामुळे गावचे डॉक्टर त्याला हात लावायला कचरत. अरोरा यांनी २००३ साली प्रोजेक्ट इको सुरू केला. दर आठवड्याला ठरल्या वेळी गावोगावचे डॉक्टर, नर्स आणि इतर सहकारी व्हिडिओवर जमत. एकेक जण आपली केस मांडे: वय, रिपोर्ट, कुठे अडलं आहे. रुग्णाचं नाव सांगायचं नाही. तज्ज्ञ प्रश्न विचारत, बाकीचे ऐकत, आणि उपचार शेवटी गावच्या डॉक्टरनेच करायचे. एकाची अडचण दहा जणांना शिकवून जायची. २०११ साली ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते. गावांतल्या आणि तुरुंगांतल्या २१ केंद्रांवर ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणामही या केंद्रांवर कमीच होते. आडगावचा डॉक्टर कमी पडतो, हा समज मोडायला यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दुर्गम भागांत कर्मचारी टिकून राहावेत म्हणून शिफारशी केल्या. ग्रामीण कर्मचाऱ्यांच्या गरजेचं शिक्षण ते राहतात आणि काम करतात तिथेच मिळावं, ही त्यांतली एक.

त्याच वर्षी उत्तर टांझानियातल्या हायडोम या ग्रामीण रुग्णालयात नवजात बाळाला श्वास देण्याचं एका दिवसाचं प्रशिक्षण झालं. ज्यावर शिकवतात ती बाहुली खऱ्या बाळाच्या आकाराची, आत पाणी भरून वजनही तसंच आणलेलं. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसला तरच त्याला जोडलेली हवेची बॅग दाबल्यावर छाती वर येते. कडेने हवा निसटली की छाती हलत नाही आणि चूक जागच्या जागी कळते. काही महिन्यांनी तपासलं तेव्हा बाहुलीवर सगळ्यांचे हात पूर्वीपेक्षा चांगले चालत होते. प्रसूतिकक्षात खऱ्या बाळांवर मात्र फारसा बदल नव्हता. ज्या गटाने आपल्याच प्रशिक्षणाचा हा निकाल लपवला नाही, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मग रुग्णालयाने बाहुली प्रसूतिकक्षातच ठेवली. दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटं, ड्यूटीवर असतानाच सराव. बाळाला चोळून जागं करणं, वायुमार्ग मोकळा करणं, लागलंच तर बॅग. तिथलेच सहकारी करून घ्यायचे. पहिल्या २४ तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आलं. कुणालाही ड्यूटी सोडून जावं लागलं नव्हतं.

तासांवर मोजणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्यात ही तीन मिनिटं कुठल्या रकान्यात लिहायची, हे नियम करणाऱ्यांनी आता ठरवायला हवं.