ध्वनिनमुना-संग्रह

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरण्यासाठी मुद्रित करून वा मिळवून ठेवलेल्या लहान ध्वनितुकड्यांचा साठा, आणि त्यातून हवा तो तुकडा हाती लागावा म्हणून केलेली त्याची मांडणी. व्यवहारात अशा तुकड्याला ‘सॅम्पल’ म्हणतात. एकच आघात वा स्वर असेल तर ‘वन-शॉट’, फिरवत ठेवण्याजोगा ठेका असेल तर ‘लूप’ आणि ऑक्टापॅडवर (काड्यांनी वाजवायच्या आठ पृष्ठांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर) बसवलेल्या आवाजांच्या जुळणीला ‘पॅच’ हे शब्द वादकांत रूढ आहेत. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुख्यतः कोल्हापूर परिसरातील वाद्यांची आहेत. तयार संचांसाठी आखलेली वर्गवारी नेमकी या वाद्यांपाशी अडखळते, म्हणून ती निवडली आहेत.

संज्ञा : ‘सॅम्पल’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून बराच घोटाळा होतो. अभियंत्याच्या लेखी ध्वनिलहरीचे एका क्षणी घेतलेले एकच मापन म्हणजे सॅम्पल; वादकाच्या लेखी अशा हजारो मापनांनी बनलेला, ऐकता येणारा तुकडा. दुसरा अर्थ १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘फेअरलाइट सीएमआय’ या संगणकीय वाद्याच्या निर्मात्यांमुळे, म्हणजे पीटर व्होगल व किम रायरी यांच्यामुळे, रूढ झाला असे सामान्यतः मानतात. या नोंदीत पहिल्या अर्थासाठी ‘मापन’ आणि दुसऱ्यासाठी ‘सॅम्पल’ असे शब्द योजले आहेत.

ध्वनी आधी मुद्रित करून मग त्याला वाद्यासारखा वापरण्याची कल्पना मात्र शब्दाहून जुनी आहे. पॅरिसमध्ये संगीतकार प्येर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाडी, भांडी इत्यादींच्या मुद्रित आवाजांतून रचना केल्या. १९६३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आलेल्या मेलोट्रॉन या कळफलकाच्या वाद्यामध्ये प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा असे. संग्रह व मांडणी हा प्रश्न उभा राहिला तो संगणकाची स्मृती स्वस्त झाल्यावर. फेअरलाइटमध्ये एका आवाजाला सेकंदभराच्या आसपासच जागा मिळे, तेव्हा शोधण्यासारखे फारसे साठत नसे. १९८५ च्या मूळ ऑक्टापॅडमध्ये तर स्वतःचे आवाजच नव्हते; मिडी या वाद्ये जोडण्याच्या संकेतपद्धतीच्या तारेने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातील आवाज तो वाजवी.

मापनाचा वेग : बहुतेक संगीत सेकंदाला ४४,१०० मापनांनी साठवले जाते. हा आकडा कोठून आला याविषयी तीन स्पष्टीकरणे आढळतात. पहिले श्रवणावर आधारलेले आहे : माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, मापन त्याच्या दुपटीहून अधिक हवे आणि त्यावरची कंपने अडवणाऱ्या गाळणीसाठी (फिल्टर) थोडी मोकळीक लागते. यातून ४०,००० च्या वरचा कोणताही आकडा चालला असता. नेमका हाच का, याचे उत्तर मिळत नाही. दुसरे गणिती आहे : ४४,१०० हा २, ३, ५ व ७ या पहिल्या चार मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकार आहे. हे खरे, पण कारण म्हणून ते दुबळे आहे. तिसरे स्पष्टीकरण असे की आरंभी अंकीय ध्वनी व्हिडिओच्या फितीवर साठवत, दर रेषेत तीन मापने मावत, आणि २४५ रेषा × सेकंदाला ६० वेळा × ३ किंवा २९४ रेषा × सेकंदाला ५० वेळा × ३ अशा दोन्ही दूरचित्रवाणी पद्धतींत उत्तर ४४,१०० येते. हेच अधिक ग्राह्य दिसते. दोन्ही पद्धतींत चालणारा हा आकडा १९८२ च्या कॉम्पॅक्ट डिस्कने पुढे कायम केला.

चित्रीकरणात मात्र ४८,००० चा प्रघात आहे. ४८,००० ने मुद्रित केलेली हलगी एखाद्या यंत्राने रूपांतर न करता ४४,१०० ने वाजवली, तर ती सुमारे दीड अर्धस्वराने उतरते आणि ठेकाही मंदावतो. आजचे सॉफ्टवेअर हे रूपांतर आपणहून करते. तरी यात्रेत मोबाइलच्या व्हिडिओवर टिपलेला आवाज संग्रहात घेताना त्याचा वेग नोंदवून ठेवावा. ४४,१०० च्या वेगाचे १६ बिटांचे द्विकर्णी (स्टिरिओ) मुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते.

वर्गीकरण : भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत (तारांची), अवनद्ध (चामड्याने मढवलेली), घन (ठोस, आपटून वाजणारी) व सुषिर (फुंकून वाजणारी) असे चार वर्ग आहेत, होर्नबोस्टेल व झाक्स या संगीतशास्त्रज्ञांची १९१४ ची पद्धतीही ध्वनी कशातून निर्माण होतो हेच पाहते. तयार सॅम्पल-संचांची वर्गवारी याहून वेगळी, कामावर बेतलेली असते. किक, स्नेअर, हाय-हॅट हे पाश्चात्त्य ड्रमसेटचे भाग आणि उरलेले सारे ‘पर्कशन’. या उरलेल्यांत हलगी, संबळ, कैताळ, घुमके, ताशा सगळेच जाऊन पडतात. खासबागेच्या कुस्ती मैदानातील हलगी आणि गोंधळातील संबळ एका फोल्डरात ठेवणे म्हणजे शब्दकोशात सगळी क्रियापदे ‘इतर’खाली घालण्यासारखे आहे. चतुर्विध वर्गीकरण येथे अधिक उपयोगी पडते : हलगी-संबळ अवनद्धात, कैताळ घनात, सनई-पिपाणी सुषिरात, तुणतुणे ततात. त्याखाली आघाताचा प्रकार यावा. हलगीवर एक जाड व एक लांब बारीक काडी चालते. दोन्हींचे आवाज वेगळ्या सॅम्पलमध्ये हवेत.

ध्वनीच्या साम्यावरून शोधण्याची सोय अलीकडे आली आहे. एबलटन लाइव्ह या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरच्या २०२४ मधील बाराव्या आवृत्तीत एका सॅम्पलसारखी इतर सॅम्पले मागता येतात. काही प्रणाली सगळा संग्रह नकाशासारखा पसरून दाखवतात. ही साधने आवाजाची धार, लांबी व कंपनांची वाटणी मोजतात. वाद्याची ओळख त्यांना नसते. त्यामुळे हलगीच्या बारीक काडीचा आवाज स्नेअरच्या शेजारी जाऊन बसतो. शोधणाऱ्याला ते कधी सोयीचेही ठरते.

नाव व लेखन : संग्रहातील बहुतेक शोध शेवटी फाइलच्या नावावरच चालतो, आणि येथे ‘हलगी’ हा शब्दच अडचणीचा आहे. त्याचा संबंध कन्नड ‘हलगे’शी जोडतात. कन्नडात हा शब्द फळी या अर्थीही आहे आणि त्याचे जुने रूप ‘पलगे’ (कन्नडातील शब्दारंभीच्या प चा पुढे ह झाला). संस्कृत ‘फलक’शी त्याचे नाते उघड आहे, पण संस्कृतातून द्राविडीत की उलट, याबाबत एकमत नाही. वाद्याला हे नाव चपट्या आकारावरून पडले असावे. कोल्हापूर ही कन्नडची सीमा असल्याने शब्द तिकडून आला हे मत सयुक्तिक वाटते. परिणाम असा की रोमन लिपीत या एका वाद्याची चार लेखने सर्रास होतात : मधला ‘अ’ कधी असतो, कधी नसतो, शेवटी ‘ई’ किंवा ‘ए’ येतो. एका लेखनाने शोधले तर बाकीची तिन्ही सापडत नाहीत. शाहिराचा डफ व हलगी यांचीही नावांत सरमिसळ होते. डफ बोटांनी वाजतो, हलगी काड्यांनी.

देवनागरी नावे दिल्यास उच्चाराचा प्रश्न सुटतो, पण लेखनाचे नवे निघतात. ‘वाऱ्या’मधील ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून किंवा र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा लिहिता येतो. ॲपलच्या फाइली साठवण्याच्या जुन्या एचएफएस प्लस मांडणीत नाव दुसऱ्या रूपात साठे. दिसायला दोन्ही एक, शोधताना दोन. प्रसारणासाठीच्या ब्रॉडकास्ट वेव्ह फाइलमध्ये वर्णनाला २५६ अक्षरांची जागा असते, तीही फक्त आस्की चिन्हांची (रोमन अक्षरे, अंक इत्यादी). त्यामुळे देवनागरी तिथे बसत नाही. निश्चित केलेले एकच रोमन लेखन फाइलच्या नावात आणि देवनागरी वर्णन वेगळ्या तक्त्यात, ही पद्धत त्यातल्या त्यात बरी.

नावात कोणती माहिती घालावी याबाबत तयार संचांचा पायंडा म्हणजे वेग (मिनिटातील मात्रा) व पट्टी. हलगीला दोन्ही नीट लागू पडत नाहीत. कुस्ती रंगात येते तशी लय चढत जाते, आणि सॉफ्टवेअर काढते ते एका क्षणाचे उत्तर, तेही अनेकदा निम्मे किंवा दुप्पट. पट्टीचे त्याहून अवघड. चामड्याचे पान शेकल्यावर ताणते व चढते, गार झाल्यावर किंवा पावसाळी हवेत उतरते. एकाच वादकाची एकाच दिवशीची दोन सॅम्पले म्हणूनच जुळत नाहीत. फायबरच्या पानाला शेक लागत नाही, पण त्याचा आवाज वेगळा, अनेक जाणकारांच्या मते कोरडा. म्हणून पट्टीऐवजी ‘चामडे, शेकल्यावर’ किंवा ‘फायबर’ अशी नोंद आणि मुद्रणाची जागा अधिक कामाची. जागाही महत्त्वाची : जोतिबाच्या डोंगरावर मोकळ्या हवेत टिपलेल्या आघाताला गुंज नसते, दगडी मंडपातल्याला असते, ती नंतर काढता येत नाही.

एक स्थानिक शब्द येथे नोंदवण्याजोगा आहे. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीला कोल्हापुरात ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या नावाच्या कंपनीच्या ध्वनिपद्धतीशी तिचा संबंध नाही. फाइलच्या नावातील ‘डॉल्बी’ ही तांत्रिक माहिती न समजता प्रसंगाची खूण समजावी.

साठवण : सॉफ्टवेअरची प्रकल्प-फाइल बहुधा सॅम्पल स्वतःत ठेवत नाही, त्याचा पत्ता ठेवते. मागाहून फोल्डर हलवले वा त्याचे नाव बदलले की सॅम्पल ‘हरवते’. वर्गवारी सुधारण्याच्या उत्साहात जुनी गाणी मुकी होतात ती यामुळे. एबलटनमध्ये सर्व सॅम्पले प्रकल्पात गोळा करून जतन करण्याची आज्ञा आहे, एफएल स्टुडिओत सगळे एका झिपमध्ये बांधता येते. मांडणी बदलण्यापूर्वी हे करून घ्यावे.

हक्क : १९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण आहे, दुसऱ्याच्या मुद्रणातून तुकडा घेण्यास परवानगी लागते. पारंपरिक ठेका कोणाच्या मालकीचा नसला तरी त्याच्या मुद्रणावर हक्क असतात. वादकाचे नाव तक्त्यात असावे.