सौर उष्णता संकलन व वीजनिर्मिती (ठाणे आणि नवी मुंबई)

सूर्यकिरणांतील उष्णता शोषून ती पाण्यात, तेलात, वाफेत किंवा वितळलेल्या क्षारांत साठवायची आणि मग थेट वापरायची किंवा तिच्यापासून वीज करायची, या तंत्रास सौर उष्णता संकलन म्हणतात. प्रकाशापासून थेट वीज करणारी पॅनेल हे निराळे तंत्र आहे. ठाणे आणि नवी मुंबईत उष्णतेच्या तंत्राचा प्रसार जवळजवळ सगळा अंघोळीचे पाणी तापवण्यापुरता आहे. सौर उष्णतेवर चालणारे वीजकेंद्र इथे नाही. त्याची कारणे बरीचशी इथल्या आकाशात सापडतात.

ऊन आणि आकाश

ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. निरभ्र दुपारी इथे एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट इतके ऊन पडते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ५ युनिटच्या आसपास ऊर्जा मिळते. आकडा चांगला आहे, पण तो फसवा आहे. उन्हाचे दोन भाग असतात : सूर्यबिंबाकडून सरळ येणारे किरण आणि ढग, बाष्प, धूळ यांच्यामुळे विखुरलेला उजेड. वीज करण्याइतके तापमान मिळवायला ऊन आरशांनी एकवटावे लागते आणि आरशाने फक्त सरळ किरण एकवटता येतात. विखुरलेला उजेड कितीही असला तरी आरशाच्या उपयोगाचा नाही. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे चार महिने ढगांचे, उरलेल्या बऱ्याच दिवसांत खाडीवरचा दमट धुरकटपणा. त्यामुळे विखुरलेल्या उजेडावरही चालणारी, पाणी तापवणारी साधी पेटी किंवा काचेची नळी इथे रुजली आणि आरसे मागे पडले.

पूर्वेतिहास

काचेखाली उष्णता अडकवण्याची युक्ती जुनी आहे. होरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचेची झाकणे लावलेल्या पेटीत पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापमान मिळवले. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो याने आरशाने वाफ करून १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात उन्हावर बर्फ बनवून दाखवला.

आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, पण याच सुमारास मुंबईत कुलाब्याला विल्यम ॲडम्स हा इंग्रज सरकारी अधिकारी असाच उद्योग करत होता. मूशोचा वक्र आरसा महाग आणि घडवायला अवघड, हे त्याने हेरले. त्याऐवजी त्याने अनेक लहान सपाट आरसे अर्धवर्तुळाकार चौकटीवर मांडले आणि सगळ्यांचे कवडसे एकाच तांब्याच्या बॉयलरवर पाडले. सूर्य सरकेल तशी चौकट माणसांनी सरकवायची. या वाफेवर त्याने अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला आणि १८७८ मध्ये प्रयोगांची हकिगत मुंबईतच छापून प्रसिद्ध केली. अनेक सपाट आरशांनी एका ठिकाणी ऊन फेकण्याची ही मांडणी पुढच्या शतकात सौर मनोऱ्यांमध्ये, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावर ऊन एकवटणाऱ्या वीजकेंद्रांमध्ये आली. फ्रँक शूमन याने १९१३ मध्ये इजिप्तमधील मादी येथे पन्हळीसारख्या लांबलचक आरशांवर नाईलचे पाणी उपसले. पहिल्या महायुद्धाने ते काम थांबले.

पाणी तापवण्याची शाखा वेगळी वाढली. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प याने १८९१ मध्ये पेटीत टाकी ठेवलेल्या जलतापकाचे पेटंट घेतले. त्याची खोट अशी, की रात्री पाणी पुन्हा गार होई. विल्यम बेली याने १९०९ मध्ये तापवणारी पेटी आणि उष्णतारोधक टाकी या दोन वस्तू वेगळ्या केल्या व टाकी वर ठेवली. घोडबंदर रोडवरच्या किंवा सानपाड्यातल्या गच्चीवर आज जे सोलर दिसते, त्याची मूळ मांडणी ही बेलीची. तिसरी मोठी भर हॅरी ताबोर या इस्रायली शास्त्रज्ञाची. ऊन जवळपास पूर्ण शोषून घ्यायचे, पण स्वतःची उष्णता मात्र बाहेर फारशी सोडायची नाही, असा काळा लेप त्याने १९५० च्या दशकात तयार केला. नुसत्या काळ्या रंगाला हे जमत नाही; तो जितके घेतो तितके देतोही.

गच्चीवरचे सोलर

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट उष्णता लागते. २ चौरस मीटरच्या पेटीवर दिवसाला १० युनिट ऊन पडले आणि त्यातले निम्मे पाण्यात उतरले, तरी हे काम होते. १०० लिटरला २ चौरस मीटर हा धंद्यातला हिशोब इथूनच आला. घरगुती गिझरच्या जागी १०० लिटरचे सोलर आले, तर वर्षाला १५०० युनिटपर्यंत वीज वाचते असे केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे म्हणणे आहे. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत गरम पाणी मागतो कोण, हे लक्षात घेतले तर इथला आकडा त्याहून कमीच धरावा.

दोन प्रकार चालतात. सपाट पेटीत तांब्याच्या नळ्या आणि पत्रे असतात, वरून कडक काच. दुसऱ्या प्रकारात एकात एक बसवलेल्या दोन काचनळ्या असतात आणि त्यांच्यामधली हवा काढून घेतलेली असते. निर्वात पोकळीतून उष्णता वहनाने निसटत नाही, म्हणून थंडीत व वाऱ्यात ही नळी पेटीपेक्षा सरस ठरते. शिवाय स्वस्तही पडते. नळी शाबूत आहे का, हे गच्चीवर उभ्या उभ्या ओळखता येते. तिच्या बंद टोकाशी आतून बेरियमचा चंदेरी डाग असतो. बारीकशी तडा जाऊन हवा आत शिरली की तो डाग दुधी पांढरा होतो. अशी नळी दिसायला धडधाकट असते, पण पाणी तापवत नाही. देखभालीच्या करारावर येणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन एकदा टोके बघून यावीत. ‘पाणी पूर्वीसारखं तापत नाही’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा तिथेच मिळते.

या यंत्रणेत पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते आणि गार पाणी खाली येते. हा जोर किती अल्प असतो हे आकड्याने कळते : ६० अंशांचे पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा अवघे दीड टक्का हलके असते. म्हणजे १ मीटर उंचीच्या फरकात मिळणारा दाब सुमारे १४ मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा. एवढ्याशा जोरावर सगळा कारभार चालतो, म्हणून नळीला जरा उलटा उतार पडला किंवा वाकणात हवा अडकली की अभिसरण बंद. टाकीचा तळ पेटीच्या माथ्यापेक्षा वर ठेवतात तोही याचसाठी. नाहीतर रात्री पाणी उलटे फिरून टाकीतली उष्णता आकाशाला दान होते. पेटी दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशापेक्षा १० अंश जास्त, म्हणजे ठाण्यात साधारण ३० अंश कलती ठेवावी. डिसेंबर-जानेवारीतले खालून जाणारे ऊन त्यामुळे पकडता येते. गरज त्याच दिवसांत असते.

खरे दुखणे मात्र पेटीत नसते, खाली उतरणाऱ्या पाइपात असते. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप गच्चीपासून ६० मीटर खाली गेला, तर त्यात सुमारे ३० लिटर पाणी मावते. रात्रभर ते गार होते. सकाळी सव्वापाचला कर्जत-कसाऱ्याकडून भरून येणाऱ्या लोकलसाठी घाई असलेल्या माणसाने नळ सोडला, की आधी दीड-दोन बादल्या गार पाणी वाहून जाते. मग तो सोलरला नावे ठेवून गिझर लावतो. यावर उपाय आहे : गरम पाण्याचा पाइप वळसा घालून टाकीपर्यंत परत आणायचा आणि पहाटे छोटा पंप काही मिनिटे फिरवायचा, पाइपाला उष्णतारोधक वेष्टण घालायचे. बांधकामाच्या वेळी हे केले तर किरकोळ खर्चात होते. नंतर भिंती फोडाव्या लागतात. भोगवटा प्रमाणपत्रापुरते सोलर उभे करणाऱ्याला हा खर्च नको असतो.

पाण्याचा गुण हा दुसरा मुद्दा. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे आणि ते पाणी मऊ आहे. घोडबंदर पट्ट्यात अनेक संकुले टँकर आणि कूपनलिकेच्या पाण्याची भर घालतात. असे जड (क्षारयुक्त) पाणी ६० अंशांच्या वर तापले की त्यातला चुना नळ्यांच्या आत बसू लागतो. तांब्याच्या अरुंद नळ्या काही वर्षांत तुंबतात. अशा ठिकाणी आतले पाणी व वापराचे पाणी वेगळे ठेवणारी, उष्णता-विनिमयकाची यंत्रणा घ्यावी.

नियम

नव्या इमारतींवर सौर जलतापक सक्तीचे करणाऱ्या राज्यातील सुरुवातीच्या महापालिकांत ठाण्याची गणना होते. बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलतही देण्यात आली. केंद्राच्या सौर शहर कार्यक्रमातही ठाण्याचा समावेश झाला. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सौर जलतापक किंवा छतावरील सौर वीजयंत्रणा यांची तरतूद आहे. तीस-चाळीस मजली मनोऱ्यात मात्र गच्ची तेवढीच आणि घरे शेकडो, त्यामुळे गरम पाणी वरच्या काही मजल्यांपुरतेच पुरते.

उष्णतेपासून वीज

तापलेल्या पाण्यापासून वीज का करत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये त्याचे उत्तर देऊन ठेवले. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाची कमाल कार्यक्षमता फक्त उष्ण व थंड बाजूंच्या तापमानांवर ठरते. एका बाजूस ८० अंशांचे पाणी आणि दुसऱ्या बाजूस ३० अंशांची हवा असेल, तर आदर्श यंत्रालाही १४ टक्क्यांहून अधिक मिळत नाही. प्रत्यक्षात हाती येते ते त्याच्या निम्म्याच्याही आत. उष्ण बाजू ३९० अंशांवर नेली तर ही मर्यादा ५४ टक्के होते, ५६५ अंशांवर ६४ टक्के. म्हणून वीज हवी तर आरसे हवेत, आरसे हवेत तर सरळ किरण हवेत.

या दिशेने मोठी कामे झाली. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९८४ ते १९९० दरम्यान पन्हळी आरशांची ३५४ मेगावॉटची केंद्रे उभी राहिली. त्यांत ३९० अंशांपर्यंत तापलेले तेल वाफ तयार करत असे. वितळलेल्या क्षारांनी पुढचा टप्पा गाठला : ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण ५६५ अंशांपर्यंत टिकते आणि टाकीत साठवता येते. स्पेनमधील २०११ चे जेमासोलार केंद्र असा १५ तासांचा साठा ठेवते व रात्रीही वीज देते. बशीसारखा आरसा जिथे ऊन एकवटतो तिथे, बाहेरून दिलेल्या उष्णतेवर चालणारे स्टर्लिंग इंजिन बसवून अमेरिकेत २००८ मध्ये ३१.२५ टक्के कार्यक्षमता नोंदवली गेली, पण ती यंत्रणा बाजारात टिकली नाही. भारतात राजस्थानच्या जैसलमेर जिल्ह्यात नोख येथे ५० मेगावॉटचे पन्हळी आरशांचे (२०१३) आणि धुरसर येथे १२५ मेगावॉटचे सपाट पट्ट्यांच्या आरशांचे (२०१४) केंद्र झाले. तिथे थरचे कोरडे आकाश आहे. ठाण्याच्या खाडीकाठी तोच आरसा वर्षातला मोठा काळ बिनकामाचा राहील आणि खारट हवेने त्याची पाठ लवकर सडेल.

कारखाने आणि रुग्णालये

आरशांना इथे काम आहे, पण ते वाफेचे. महाराष्ट्रात त्याची दोन ठळक उदाहरणे आहेत. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ पासून वोल्फगांग शेफलर यांच्या रचनेच्या ७३ तबकड्या स्वयंपाकाची वाफ देतात. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत दूध तापवण्यासाठी ‘अरुण’ ही भलीमोठी तबकडी बसवली गेली. तिची रचना मुंबईच्या आयआयटीतील शिरीष केदारे यांची. ठाण्यात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात महापालिकेने सौर तबकड्यांच्या उष्णतेवर चालणारी वातानुकूलन यंत्रणा उभारली. उष्णतेने गारवा देणारे शोषण यंत्र तिच्या मुळाशी असते : पाण्याची वाफ होताना गारवा मिळतो, लिथियम ब्रोमाइड या क्षाराचे द्रावण ती वाफ ओढून घेते, उन्हाची उष्णता ती पुन्हा सोडवते. ऊन आणि उकाडा एकाच वेळी वाढतात, त्यामुळे कल्पना मुळात सुसंगत आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांना याहून साधी गोष्ट परवडते. बॉयलरला जाणारे पाणी दर ६ अंशांनी अधिक तापलेले असेल तर साधारण १ टक्का इंधन वाचते. ३० अंशांचे पाणी सोलरने ८० अंशांवर नेले तर ८ टक्क्यांच्या आसपास. त्याला ना आरसे लागतात ना सूर्यामागे फिरणारी यंत्रणा. अडचण छपराची : शेडच्या पत्र्यावर तबकडीचे वजन आणि वाऱ्याचा रेटा झेपत नाही, सपाट पेट्यांनाही आधाराचा सांगाडा घालावा लागतो.

पॅनेलशी स्पर्धा

गच्चीचा प्रत्येक चौरस मीटर आता वीज करणारी पॅनेल मागतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने ही मागणी वाढवली. जलतापक एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे अडीच युनिट उष्णता देतो. तेवढ्याच जागेत २० टक्क्यांचे पॅनेल पाऊण-एक युनिट वीज. पण ही वीज साध्या कॉइलऐवजी उष्णता पंपाला (हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राला) दिली, तर एका युनिटात तीन युनिट उष्णता मिळते आणि हिशोब जवळजवळ बरोबरीत येतो. शिवाय मे महिन्यात नको असलेली वीज ग्रीडला विकता येते, नको असलेले गरम पाणी कुणी घेत नाही. नव्या मनोऱ्यांसाठी पॅनेल आणि उष्णता पंप हीच जोडी योग्य दिसते. चार-पाच मजली जुन्या सोसायट्यांत, जिथे पाइप आखूड आहे, तिथे बेलीच्या मांडणीला अजून तोड नाही. दोन्ही एकत्र करणारी, पाठीमागून पाणी फिरवून पॅनेल गार ठेवणारी यंत्रणाही निघाली आहे. एप्रिलच्या उन्हात ६० अंशांवर गेलेले पॅनेल आपली १२ टक्क्यांच्या आसपास वीज गमावते, ती यातून वाचावी हा हेतू. पण पॅनेलला पाणी जितके गार तितके बरे, तर अंघोळीला ते कढत हवे. त्यामुळे अशा यंत्रणेतून बहुधा कोमट पाणीच मिळते, आणि तेही पोहण्याच्या तलावाला किंवा उष्णता पंपाच्या आधीच्या टप्प्याला ठीक.